नाकोबा आणि परत आलेली पिंपं

सकाळचे सात. टाकीघराचं लोखंडी दार कुरकुरत बाजूला सरकतं. उजेडाची एक तिरकी पट्टी ओल्या फरशीवरून पुढे येते आणि टाकीच्या पायाशी थांबते. बाकी सगळा अंधार. खिडक्यांच्या काचांना आतून काळा रंग फासलेला, दिवा एकच आणि तोही मिणमिणता. मधोमध दोन पुरुष उंचीची स्टीलची टाकी, झाकण गच्च लावलेलं. तिच्या पोटाशी, कमरेइतक्या उंचीवर, एक पितळी नळ. नळासमोर स्टुलावर एकसष्ट वर्षांचा एक माणूस बसलेला, एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात फडकं.

हे नाकोबा. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं आणि तिथेच राहून गेलं होतं. त्यांचं नाक काही मोठं नव्हतं, तसं बेताचंच होतं. पण मासळीच्या तेलाचा एक थेंब मनगटावर चोळायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ही मासळी बोटीवर दोन तास उन्हात पडली होती." नाहीतर, "काल दुपारच्या पाळीत वाफ जास्त सोडलीत. कोणाला घरी जायची घाई होती?" ज्याला घाई होती तो कानापर्यंत लाल व्हायचा. त्यामुळे नाकोबा हे नाव चिकटलं, आणि त्यांनीही ते एखाद्या पदकासारखं छातीवर मिरवलं.

कारखाना मासळीचं तेल काढायचा. मासळी आली की आधी वाफेवर शिजायची, मग दाबयंत्रात पिळली जायची. पिळून निघालेल्या गढूळ पाण्यातून गरगरणारं एक यंत्र तेल वेगळं करायचं, आणि ते तेल या टाकीत येऊन निवांत पडायचं. वाफ कमी पडली तर मासळी तेल सोडायची नाही. जास्त झाली तर तेल काळवंडायचं. मासळी शिळी असेल तर तेल जात्याच आंबट निघायचं, मग वर कोणी डोकं आपटून घेतलं तरी उपयोग नसायचा. यातलं प्रत्येक पाऊल नाकोबा पस्तीस वर्षं चाललेले होते. आता ते टाकीघराचे मुकादम होते.

"तेलाचे वैरी तीन," असं ते प्रत्येक नव्या माणसाला बोटांवर मोजून सांगत. "ताप, हवा आणि उजेड. तिघांनाही माझ्या टाकीघरात यायला बंदी आहे. मॅनेजरसाहेबांनासुद्धा बॅटरी घेऊन आत येऊ देत नाही मी."

तीन-चार महिन्यांतून एकदा तेल जायचं एका औषध कंपनीकडे. ती लहान मुलांसाठी गोळ्या करायची. एवढ्याशा पोरांच्या पोटात आपलं तेल जातं, या गोष्टीचा नाकोबांना फार अभिमान. शेजारची पोरं जिन्यात धावताना दिसली की ते बायकोला म्हणायचे, "बघ, माझं तेल पळतंय."

"तुमचं तेल पळतंय आणि तुम्ही दोन जिने चढलात की धापा टाकताय," बायको म्हणायची. "आणि नाक बाहेर ठेवून या जेवायला. भाजी नासलेली नाही."

नळाची कथा वेगळी. तरुणपणी नाकोबा एका जुन्या कारखान्यात शिकले होते. पत्र्याच्या छपराचा कारखाना, काळ्या काकवीसारखं तेल, आणि एक म्हातारा उस्ताद. ते तेल चामडं मऊ करायला जायचं, त्यामुळे त्याच्या वासाची पर्वा कोणाला नव्हती. पण उस्तादाचा नळ! बोटाच्या टोकाने फिरवावा, आणि एक थेंबही गळू नये. नळाच्या तोंडात तांब्याच्या बारीक तारांची जाळीदार गाळणी बसवलेली, उस्तादाने स्वतःच्या हाताने विणलेली. कारखाना पाडला तेव्हा सगळं भंगारात गेलं. नाकोबांनी तेवढा नळ मागून घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं घरच्या कपाटात जपून ठेवला.

चार महिन्यांपूर्वी टाकीचा स्टीलचा नळ गळायला लागला. नवा यायला वेळ होता. नाकोबांनी कपाट उघडलं, कागदात गुंडाळलेला नळ काढला, लिंबू लावून सोन्यासारखा लखलखीत केला आणि स्वतः बसवला. तेव्हापासून रोज सकाळी, टाकीला हात लावायच्या आधी, नळ तोंडातल्या जाळीसकट घासायचा. हा त्यांचा नेम होता. या नळापाशी बसलं की उस्ताद पाठीशी उभा असल्यासारखं वाटायचं.

नळाच्या अलीकडे नाकोबांचं राज्य. नळाच्या पलीकडे, पिंपं भरायच्या जागी, त्यांची सून.

सुनेने सहा वर्षं मासळी धुण्याच्या खात्यात काढली होती. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांची कातडी सालपटासारखी निघायची. रात्री ती हातांना मलम लावून, दोन्ही तळवे वर करून झोपायची. भरणीची जागा रिकामी झाली तेव्हा नाकोबांनीच मॅनेजरकडे शब्द टाकला. "पोरगी नीटस आहे, साहेब. पिंप काठोकाठ भरील. बोटभर हवा राहू देणार नाही." कोरड्या, उबदार जागेत आल्यावर महिन्याभरात तिच्या हातांवर नवी कातडी आली. सासूने ते हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले होते.

तर त्या सकाळी लिंबू अजून हातातच होतं, आणि मालाच्या ट्रकचा हॉर्न वाजला. पिंपं उचलणाऱ्या गाडीवाल्याने दारातूनच ओरडून सांगितलं, "नाकोबा, माल परत आलाय!"

"कोणाचा?"

"आपला."

"आपला कसा येईल? जा, नीट बघ."

पण आलाच होता. एक नाही, दोन नाही, अकरा पिंपं. कारखान्याच्या चिठ्ठ्या, नाकोबांच्या सहीचे शिक्के, आणि वर लाल अक्षरांत एकच शब्द: नापास. अंगणात कामगार गोळा झाले. नाकोबा पुढे झाले, पान्याने पहिल्या पिंपाचं बूच काढलं आणि सवयीने नाक पुढे नेलं.

थप्पड बसावी तसे ते मागे सरकले. जुन्या रंगाच्या डब्याचा वास! तेल खवट झालं होतं, इतकं की घशात ओरखडा उठावा. त्यांनी दुसरं पिंप उघडलं. तेच. तिसरं. तेच. पान्यावरची पकड सुटली आणि पाना फरशीवर खणकन पडला.

आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की तो वास त्यांना अनोळखी वाटला नाही. कुठेतरी आधी भेटलेला. पण कुठे, ते आठवेना. त्या धक्क्यात तो धागा सुटला.

मॅनेजर आला, मागोमाग प्रयोगशाळेतली चष्मेवाली बाई आली. ती नोकरीला नवी होती, पण कामाला पक्की. तिने पिंपांमधलं तेल तपासलं आणि दुपारपर्यंत पांढऱ्याफटक चेहऱ्याने आकडे आणून ठेवले. तेल किती खवट झालं ते सांगणारा आकडा चालतो त्याच्या चौपट होता.

"पण टाकीतलं तेल उत्तम आहे," ती म्हणाली. "दर वेळी मी वरच्या झाकणातून स्टीलच्या पळीने नमुना घेते. एकदाही वाईट आला नाही."

मॅनेजरने नाकोबांकडे पाहिलं. "तुमचं नाक काय म्हणतं?"

नाकोबांनीही टाकीच्या वरूनच वास घेतलेला होता, रोजच्यासारखा. ताजा, समुद्राच्या वाऱ्यासारखा वास. ते म्हणाले, "माझ्या टाकीतून तेल चांगलंच निघतं, साहेब. पुढचं मला ठाऊक नाही."

एवढंच बोलले. पण पुढे कोण, ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माना एकदम वळल्या. सून भरणीच्या कट्ट्यापाशी उभी होती, हातात पिंपाचं झाकण. तिने सासऱ्याकडे पाहिलं, आणि झाकण अगदी हळू, आवाज न करता, खाली ठेवलं.

कंपनीने पंधरा दिवसांत लेखी कारण मागितलं होतं. कारण सापडलं नाही तर पुढचा माल बंद. मॅनेजरने सुनेला सांगितलं, आजचं भरून पूर्ण कर, उद्यापासून पोती शिवायला जा, आणि चौकशी झाली की बघू. ते 'बघू' कसलं असतं ते सगळ्यांना माहीत होतं. गेटाबाहेर. आणि तेल नासवलं म्हणून काढलेल्या बाईला त्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच कारखान्याने दारात उभं केलं नसतं.

रात्री घरी जेवणं झाली. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. घरात तिघंच.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही बोललात ते खरं आहे का?"

"काय बोललो?"

"गाडीवाल्याच्या बायकोने सांगितलं मला. पुढचं ठाऊक नाही म्हणालात म्हणे. पुढे कोण उभं होतं, तेही ठाऊक नव्हतं का?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही."

"नाव घेतलं असतंत तर बरं होतं. निदान तिला भांडता तरी आलं असतं."

नाकोबांना राग आला. पस्तीस वर्षांच्या नाकावर संशय! त्यांनी सुनेला विचारलं, "खरं सांग. पिंपं काठोकाठ भरत होतीस? की गप्पांच्या नादात बूच उघडं राहायचं?"

"काठोकाठ भरत होते, आबा," ती म्हणाली. "आणि गप्पा मारायला तिथे आहे कोण? नळ?"

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. नाकोबांनी लक्ष दिलं नाही.

दहा दिवस गेले. नाकोबांच्या तोंडची चव गेली. सकाळी ते टाकीघरात जायचे, नळ घासायचे, झाकण उघडून वास घ्यायचे. तेल ताजं. कट्ट्यावर आता दुसराच माणूस पिंपं भरत होता. तो माल कंपनीने अजून घेतला नव्हता, मागच्या खोलीत रांगेने उभा होता. पलीकडे पोत्यांच्या खात्यात सुई दोऱ्याचा सरसर आवाज. तिकडे पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अकराव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, सुनेने जेवणं झाल्यावर ओटा पुसला आणि टेबलावर औषधाच्या दोन तपकिरी बाटल्या आणून ठेवल्या.

"आबा, जरा वास घेता?"

"काय आहे?"

"घ्या तर. सासूबाई, तुम्ही पण बसा. साक्षीदार हवा."

नाकोबांनी पहिली बाटली उघडली. मनगटावर थेंब चोळला, डोळे मिटले. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "हे माझं," ते म्हणाले. "माझ्या टाकीचं. थोडं जुनं आहे, पण खणखणीत."

दुसरी उघडली. मनगटापर्यंत न्यावीच लागली नाही. तोच वास. जुन्या रंगाचा डबा. "आणि हे तुझ्या पिंपातलं. कुठून आणलंस? परत आलेल्यातलं ना?"

"नाही," सून म्हणाली. "दोन्ही तुमच्या टाकीतली. एकाच दिवसाची, एकाच तासाची. ज्या दिवशी पिंपं परत आली ना, त्या संध्याकाळी मी भरून ठेवली."

"शक्य नाही. हिच्यात हवा राहिली असेल."

"राहिली. बोटभर. मीच ठेवली. आणि दोन्हीत सारखी ठेवली. दोन्ही शेगडीशेजारच्या कपाटात, अंधारात, सारख्याच उबेत. म्हटलं, नासायचं असेल तर लवकर नासू दे, पंधरा दिवसच हातात आहेत."

"मग फरक काय?" नाकोबांनी विचारलं.

"बाटल्या उलट्या करा."

बुडाला कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. चांगल्या बाटलीखाली लिहिलं होतं 'पळी'. खवट बाटलीखाली 'नळ'.

नाकोबा त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले, जणू ती कोणी दुसऱ्या भाषेत लिहिली होती.

"मी खूप विचार केला, आबा," सून हळू म्हणाली. "टाकीत चांगलं, पिंपात वाईट. मधे दोघंच. मी आणि नळ. मी काय करते ते मला माहीत आहे. म्हणून मग..."

"तो उस्तादाचा नळ आहे!"

"हो. पण मी पण कोणाची तरी आहे ना."

नाकोबा उठायला लागले. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बसा," ती म्हणाली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यानेच ते जास्त घाबरले.

दुसऱ्या दिवशी टाकीघराचं दार उघडायच्या आधी ते प्रयोगशाळेच्या पायरीवर जाऊन बसले. चष्मेवाली बाई किल्ल्या वाजवत आली.

"काका, तुम्ही इथे?"

"बाई, एक विचारू? पितळेचं आणि तेलाचं काय वैर आहे का?"

"पितळेचं? पितळेत तांबं असतं ना, काका. तांब्यासारखा वाईट शत्रू नाही. नखाएवढा कण पुरतो. हवेला तेल खायला तोच मदत करतो. आपल्याकडे म्हणून तर सगळं स्टीलचं..." ती बोलता बोलता थांबली. "का हो?"

"टाकीचा नळ पितळी आहे. आत गाळणी आहे, तांब्याच्या तारांची."

किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून पायरीवर पडला. "कोणी बसवला?"

"मी. चार महिने झाले. तुमच्या आधी."

"मी त्या अंधारात कधी नीट पाहिलाच नाही. मी तर वरून..." तिने कपाळाला हात लावला. "चकाकतो म्हणून मला वाटलं स्टीलच आहे. काका, पितळ इतकं चकाकतं कसं?"

"रोज घासतो. लिंबानं."

"रोज?"

"रोज."

तिला पुढे सांगवेना, पण सांगितलं. लिंबाने वरचा थर निघून जायचा, आणि रोज सकाळी नवा, उघडा धातू तेलाच्या वाटेत उभा राहायचा. टाकीत तेलाला काही होत नव्हतं. पण पिंपात पडणारा प्रत्येक थेंब त्या जाळीतून, तिच्या शेकडो तारांना अंग घासत जात होता. त्या दिवशी कळायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी, गोदामात, तेल आपोआप फिरायचं. ज्या हाताने ते तेलाला जपत होते त्याच हाताने रोज सकाळी ते त्याला विष चाटवत होते.

आणि तेव्हा नाकोबांना तो वास कुठे भेटला होता ते आठवलं. पत्र्याचं छप्पर, काळं तेल, उस्तादाचा तेलकट हात खांद्यावर. जुन्या कारखान्याचा वास! सगळं तरुणपण त्यांनी तो वास मासळीच्या तेलाचाच म्हणून छातीत भरून घेतला होता. त्यात नळाचाही वाटा होता. उस्तादालाही ठाऊक नव्हतं. चामड्याने कधी तक्रार केली नव्हती.

ते पायरीवरून उठून टाकीघरात गेले, नळाच्या मागची टाकीची चावी बंद केली आणि पान्याने नळ उतरवला. आटे सहज सुटले. शेवटपर्यंत एक थेंब गळला नाही.

मॅनेजरच्या केबिनमध्ये सून आधीच बोलावलेली होती. दाराशी उभी, हात पाठीमागे बांधून. टेबलावर कंपनीला पाठवायचं पत्र, 'कारण' या शब्दापुढे जागा कोरी. नाकोबांनी फडक्यात गुंडाळलेला नळ पत्राशेजारी ठेवला आणि फडकं उलगडलं. सगळं सांगितलं. लिंबासकट.

मॅनेजर हादरला. मग उठला, केबिनचं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"हे तुम्ही अजून कोणाला बोललात?"

"प्रयोगशाळेतल्या बाईंना."

"तिला मी समजावतो. नाकोबा, ऐका. तुमच्या सहीवर आपला माल उठतो. त्या कंपनीचे लोक इथे येतात तेव्हा आधी तुम्हाला भेटायला मागतात. टाकीच्या मुकादमानेच चार महिने तेल नासवलं असं मी लिहिलं, तर ते परत येतील का? नळ आज बदलू. मागच्या खोलीतला माल चामड्याकडे वळवू. आणि इथे लिहू, 'भरणीत हलगर्जी, संबंधित कामगार बदलला.' झालं. सूनबाईचं मी नंतर बघतो, पोत्यांकडे राहील ती."

"लेखी हलगर्जी लिहून?" सून म्हणाली.

"अगं, कागदावरचं आहे ते."

नाकोबा सुनेच्या हातांकडे पाहत होते. तिने ते आता पुढे घेतले होते. पोती शिवून शिवून बोटांना सुईची टोचणी झाली होती, नव्या कातडीवर बारीक लाल ठिपके. खोलीत नळ एकटा चकाकत होता. पस्तीस वर्षांत या केबिनमध्ये नाकोबा कधी खुर्चीवर बसले नव्हते. आज त्यांनी खुर्ची ओढली, बसले, मॅनेजरच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, आणि 'कारण' या शब्दापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते पेन परत त्याच्या हातात दिलं.

"लिहा, साहेब. पिंपं हिनं भरली, आणि काठोकाठ भरली. नळ माझा होता."